बावीस मैल सपाट, सहा मैल चढ

सॉल्टर खोरे जलमंडळाच्या यंदाच्या वार्षिक अहवालात सातव्या पानावर एक वाक्य आहे : ‘केटल द्रोणातील मार्चअखेरची बर्फमोजणी मंडळाच्या नव्या यंत्राच्या साहाय्याने वेळेवर पूर्ण झाली.’ शेजारी त्या यंत्राचे रंगीत छायाचित्र आहे. ते मंडळाच्या कचेरीसमोर, झाडून घेतलेल्या अंगणात काढलेले आहे. या वाक्यातले ‘वेळेवर’ आणि ‘पूर्ण’ हे दोन शब्द खरे आहेत. उरलेले वाक्य खोटे आहे. ते खोटे आहे हे प्रत्यक्ष पाहिलेली माणसे दोनच. एक मी. दुसरी आर्विला हॅडलॉक, जिच्याविषयी हे लिहीत आहे आणि जिचे नाव त्या चाळीस पानांच्या अहवालात एकदाही आलेले नाही.

आर्विला एकसष्ट वर्षांची आहे. अमेरिकेतल्या आयडाहोच्या पूर्वेकडच्या आमच्या या खोऱ्यात ती जन्मली, इथल्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षे मुलांना जेवू घातले, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत दर महिन्याच्या अखेरीस दोन दिवसांची रजा टाकून ती डोंगरात बर्फ मोजायला जात राहिली. हे काम तिच्याकडे वडिलांकडून आले. ते लाकडी स्कींवर जात, तीन दिवस लावत, वाटेतल्या खोपट्यात मुक्काम करत. केटल द्रोणात, म्हणजे डोंगरांमधल्या वाटीसारख्या खोलगट जागेत, फरच्या झाडांमधल्या एका मोकळ्या पट्टीत दहा ठिकाणे ठरलेली आहेत. प्रत्येक ठिकाणी ॲल्युमिनियमची लांब नळी जमिनीला टेकेपर्यंत बर्फात खुपसायची, पिळून वर काढायची, तिच्या तोंडाशी मातीची टिकली आली आहे ना हे पाहायचे, आणि आतल्या बर्फासकट नळी काट्याला टांगायची. काटा थेट पाण्याचे इंच सांगतो : हे सगळे बर्फ वितळले तर किती पाणी उभे राहील ते. त्या आकड्यावरून खालच्या कुरणांना उन्हाळ्यात कोणत्या तारखेपर्यंत पाणी सोडता येईल हे ठरते. एकोणीसशे सदतीस सालापासून केटलचा मार्चअखेरचा एकही आकडा राहून गेलेला नाही.

नळीच्या तोंडाला माती लागली नसेल तर आर्विला ती मोजणी बाद करते आणि नळी पुन्हा घालते. बोटे निळी पडलेली असली तरी. “माती नाही आली म्हणजे आपण तळाला टेकलोच नाही. मग कसलं मोजमाप?” असे ती म्हणते. ही गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्यांच्याशी तिची गाठ पडली त्यांच्या एकाही मोजमापाला कधी माती लागलेली नव्हती.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवतो. नियमाप्रमाणे द्रोणात कोणी एकट्याने जायचे नाही, आणि मोजणीच्या वहीवर दोघांच्या सह्या लागतात. गेले अकरा हिवाळे ती दुसरी सही माझी आहे.

गावाच्या टोकापासून द्रोणापर्यंत अठ्ठावीस मैल. त्यांतले पहिले बावीस सपाट : सेजच्या झुडपांचे, वाऱ्याने चोपून काढलेले माळरान आणि त्यापुढे सॉल्टर तळ्यावरचा बर्फाचा थर. शेवटचे सहा चढाचे. तिथे बर्फ इतके खोल आणि मऊ असते की गाडीवरून खाली पाय टाकलेला माणूस कमरेपर्यंत आत जातो. सारा वाद या दोन आकड्यांचा आहे, आणि तो समजायला अभियंता असण्याची गरज नाही. बर्फगाडीला पुढे दोन स्की असतात आणि मागे रबराचा रुंद पट्टा फिरतो. पट्ट्यावर रबराचेच दाते असतात. पट्टा जितका लांब तितके गाडीचे ओझे पसरते आणि ती खोल बर्फावर तरंगते. पट्टा आखूड असला तर ती चर खणते आणि स्वतःच त्यात जाऊन बसते. टणक सपाटीवर मात्र सगळे उलटे होते. लांब पट्टा वळायला नाखूश असतो. डोंगरासाठी उंच केलेल्या दात्यांना तिथे रुतायला काही मिळत नाही, ते नुसते घासले जातात आणि तापतात. शिवाय नव्या गाड्यांची इंजिने पट्ट्याने उडवलेल्या भुरभुरीत बर्फावरच थंड राहतात, आणि वाऱ्याने चोपलेल्या माळावर भुरभुरीत बर्फ कुठून येणार?

आर्विलाची जुनी गाडी एकशे छत्तीस इंची पट्ट्याची होती. चोवीस वर्षांची, पंख्याच्या वाऱ्याने थंड होणारी, आवाजाने कान किटवणारी. तिचे नाव ‘बकरी’. बकरी माळावर कधी तापली नाही. द्रोणात मात्र दर खेपेला चारपाच वेळा रुतायची, आणि आम्ही फावडी काढून तिला उकरायचो. हे आर्विलाने कधी लपवले नाही. “बकरी डोंगरात बुडते,” असे तिने स्वतःच मंडळाला कळवले आणि नवी गाडी मागितली. आपल्या जुन्या गाडीवर आंधळे प्रेम करणारी ती बाई नव्हे.

मंडळाने विचारले, कोणती घ्यावी? या प्रश्नाला दुसऱ्या कोणीही एका ओळीत उत्तर दिले असते. आर्विलाने एक अख्खा हिवाळा दिला. शेजाऱ्यांकडून तिने तीन गाड्या उसन्या आणल्या : एकशे सदतीस इंची, एकशे सेहेचाळीस इंची आणि एकशे त्रेसष्ट इंची. प्रत्येक गाडी तीच वाट चार वेळा चालवली. दर दोन मैलांवर इंजिनाचे तापमान, द्रोणात किती वेळा रुतली, चर किती इंच खोल गेला, बाहेर काढायला किती मिनिटे लागली, दात्यांची किती झीज झाली, सगळे पेन्सिलीने वहीत.

गावातला गाडीदुरुस्तीवाला लॅमॉन्ट एस्प्लिन तिला बर्फ खरवडणाऱ्या तारा बसवून देत होता. या तारा पुढून टणक बर्फ ओरखडतात आणि त्याची भुकटी इंजिनाच्या खाली उडवतात.

“आर्विला, लोक रंग बघून गाडी घेतात,” तो गाडीखालून म्हणाला. “तू काय नळी घालून बघणार आहेस का तिच्यात?”

“हो. माती लागेपर्यंत.”

“आणि मग काय, मंडळ वाचणार?”

“नाही वाचलं तर त्यांचं डोकं. मी मोजलं नाही, असं तर कोणी म्हणणार नाही.”

“बाई, तुला लग्नात नवऱ्याचीही अशीच चार फेऱ्यांची चाचणी घ्यायला हवी होती.”

“घेतली होती. म्हणून तर चौतीस वर्षं टिकला तो. तू तारा नीट आवळ.”

निष्कर्ष अकरा पानांचा झाला. त्याचे सार असे : एकशे त्रेसष्ट इंची गाडी द्रोणात एकदाही रुतली नाही, पण माळावर चारही फेऱ्यांत तिचा तापल्याचा लाल दिवा लागला. एकशे सदतीस इंची गाडीची गत बकरीसारखीच झाली. एकशे सेहेचाळीस इंची, दोन इंच उंचीच्या दात्यांची, तारा बसवलेली गाडी माळावर थंड राहिली. द्रोणात चार फेऱ्यांत दोनदा रुतली आणि दोन्ही वेळा दोघांनी ओढून पाच मिनिटांत निघाली. अहवालाच्या शेवटी तिने लिहिले होते, ‘सहा मैलांच्या सुखासाठी बावीस मैलांना शिक्षा नको, आणि बावीस मैलांच्या सोयीसाठी सहा मैल सोडून देता येत नाहीत. एकशे सेहेचाळीस घ्यावी. खरवडणाऱ्या तारांखेरीज घेऊ नये.’ गेल्या वीस वर्षांत मंडळाकडे आलेल्या कागदांत इतका प्रामाणिक कागद दुसरा नसेल. त्यात तिने आपल्या निवडीचे दोषही लिहिले होते.

सप्टेंबरमधल्या बैठकीला मी आर्विलाबरोबर गेलो. मंडळाचा सचिव थेरॉन पगमायर टेबलाशी बसला होता. अकरा पाने त्याच्या समोरच होती, आणि त्यांच्यावर कोकोचा कप. कप उचलल्यावर पहिल्या पानावर तपकिरी वर्तुळ उमटलेले दिसले. पाने उलटल्याची खूण कुठेच नव्हती. कोपरे कोरे करकरीत होते.

“सिस्टर हॅडलॉक,” थेरॉन आमच्या चर्चमधल्या रीतीने म्हणाला, “तुमच्या कामाबद्दल मंडळाला फार आदर आहे. आम्ही तुमचेच आकडे आधाराला घेतलेत.” त्याने दुसरी वही उघडली, तिची मोजणीची वही. “हे बघा. केटल, मार्चअखेर, बर्फाची खोली एकशे बारा इंच. एकशे बारा! आणि तुम्ही मागताय एकशे सेहेचाळीस. आम्ही म्हटलं, कंजूषपणा कशाला? एकशे चौऱ्याहत्तर घेऊ. दाते तीन इंचांचे. याहून लांब मिळतच नाही.”

आर्विलाने वहीतल्या आकड्यावर बोट ठेवले. “थेरॉन, ही खोली कुठली आहे?”

“केटलची.”

“आणि केटलला जायचं कसं?”

“म्हणजे? वाटेनं.”

“वाट किती मैल?”

“अठ्ठावीस. पण त्यातले बावीस सपाट आहेत, सिस्टर. सपाटीवर काय, काहीही चालतं. डोंगराला पुरून उरेल अशी घेतली की सपाटीची चिंता नको. मोठ्यात छोटं येतंच.”

“माझ्या अहवालात सातव्या पानावर तापमानाचा तक्ता आहे.”

“हो हो, बघितलंय मी.”

“काय लिहिलंय त्यात?”

थेरॉनने कप उचलून एक घोट घेतला.

“थेरॉन,” आर्विला म्हणाली, “तू सहा वर्षांचा होतास. चर्चमधल्या माझ्या रविवारच्या वर्गाला बापाचे बूट घालून आला होतास. मी विचारलं, हे काय रे? तू म्हणालास, मोठ्यात छोटं येतंच. चर्चच्या तिसऱ्या पायरीवर तोंडावर आपटलास. ओठाला बर्फ मीच लावला होता.”

सभागृह हसले. थेरॉनही हसला, आणि मला वाटते, त्या हसण्यानेच प्रकरण बिघडले. ज्याचे हसे होते तो माणूस मागे फिरत नाही. आर्विलाचा मुद्दा विनोदात निघाला आणि ठराव एकमताने मंजूर झाला. ‘मोजणीच्या आकड्यांच्या आधारे’ असे शब्द ठरावात घालण्यात आले. तिचे आकडे, तिच्याच विरुद्ध. तिने नळीने उकरून काढलेली खोली त्यांनी वाचली, आणि त्या खोलीपर्यंत जाण्याची वाट कुणालाच दिसली नाही. सबंध खोरे त्या वाटेच्या टोकाशी राहते, तरी.

थेरॉन तिथे थांबला असता तर मी हे लिहिले नसते. पण उठता उठता तो म्हणाला, “आणखी एक. इतकं चांगलं यंत्र दिल्यावर सबब उरत नाही. या मार्चला केटल झालं तर राहील. एक जरी आकडा राहिला तर ते ठिकाण यादीतून काढायचं, असं मंडळाचं मत आहे. डोंगराच्या धारेपलीकडे आपोआप मोजणारं केंद्र आहेच.”

ते केंद्र वाऱ्याच्या तोंडाशी आहे. तिथले अर्धे बर्फ उडून केटलमध्ये येते. हे आर्विलाने सांगितले, मी सांगितले. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढेच आहे.

तारांचे काय झाले तेही सांगतो. गाडी डिसेंबरात आली तेव्हा आर्विलाने तारा बसवू का, असे विचारले. उत्तर आले, नव्या गाडीला भोके पाडू नयेत. जानेवारी आणि फेब्रुवारीत नशिबाने माळावर ताजे बर्फ पडलेले होते, गाडी कशीबशी पोहोचली आणि द्रोणात तर एखाद्या राणीसारखी फिरली. थेरॉनने दोन्ही वेळा आम्हांला अभिनंदनाची चिठ्ठी पाठवली. आर्विलाने त्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला तापमाने लिहिली.

तीस मार्चला आम्ही सकाळी सहाला निघालो. आठवडाभर उन्हाने बर्फ वितळत होते आणि रोज पहाटे पुन्हा गोठत होते. माळ काचेसारखा झाला होता. मंडळाच्या हुकमाप्रमाणे आर्विला नव्या गाडीवर, मी बकरीवर. बकरीच्या मागच्या फळीवर तिने ताडपत्रीखाली काहीतरी बांधले होते. मी विचारले नाही.

चौथ्या मैलावर लाल दिवा लागला. आम्ही थांबलो, फावड्याने कवच फोडून खालचे बर्फ इंजिनाजवळ टाकले, वाफ निघाली, दिवा विझला. सहाव्या मैलावर पुन्हा. आठव्यावर पुन्हा. दहाव्या मैलापाशी गाडीमागे बर्फावर काळे तुकडे पडलेले दिसू लागले. पट्ट्याचे दाते उपटून येत होते. आर्विलाने एक तुकडा उचलला, खिशात टाकला.

तेराव्या मैलावर जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि गाडी जागच्या जागी थबकली. पट्टा ज्या प्लास्टिकच्या रुळांवरून सरकतो ते वितळून पट्ट्याच्या कड्यांना चिकटले होते. आम्ही दोघांनी जोर लावून पाहिला. एकशे चौऱ्याहत्तर इंचांतला एक इंचही हलला नाही.

आर्विला गाडीला टेकून उभी राहिली आणि तिने हातमोजा काढून नाक पुसले.

“डोंगरात काय सुंदर चढली असती ना ही,” ती म्हणाली.

“आर्विला, मी थेरॉनला इथे आणून या गाडीवर बसवणार आहे. इथे. या वासात.”

“बसव. पण उद्या. आज नळी सोड आणि बकरीवर बांध.”

“दोघं? बकरी दोघांना घेऊन तळ्यापर्यंत जाईल. चढावर पहिल्याच वळणाला बुडेल.”

तिने बकरीवरची ताडपत्री सोडली. खाली बर्फात चालायच्या रुंद जाळीदार जोड्यांचे दोन जोड होते, काठ्या होत्या, आणि कागदात गुंडाळलेले शेंगदाण्याच्या लोण्याचे आठ सँडविच.

“तू आधीच बांधलंस हे?”

“अकरा पानं लिहिली होती मी,” आर्विला म्हणाली. “थेरॉननं नाही वाचली. तू तर वाचली होतीस ना?”

मी वाचली होती, आणि तरी सकाळी नव्या गाडीच्या चकचकीत कवचाकडे पाहून मला वाटले होते की आज निभेल. माझ्या संतापात या लाजेचाही वाटा आहे.

बकरीने आम्हांला तळे पार करून दिले. चढावर तिने सावलीतल्या टणक बर्फावरून दोन मैल रेटले आणि मग एका वळणावर, सवयीप्रमाणे, स्वतःचा खड्डा खणून त्यात बसली. पुढचे चार मैल आम्ही पायी गेलो. आर्विला पुढे, मी मागे. पन्नास पावलांवर जागा बदलायची. साडेतीन तास लागले. वाटेत तिने दोनदा बसून घेतले आणि दोन्ही वेळा मला बजावले, “घरी सांगू नकोस. डेनिस मला एप्रिलभर खुर्चीतून उठू देणार नाही.” डेनिस म्हणजे चार फेऱ्यांच्या चाचणीतून पास झालेला तिचा नवरा.

द्रोणात पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. दहा ठिकाणे. तिने नळीचे भाग एकमेकांत पिळून बसवले आणि कामाला लागली. नळी आत, पीळ, वर, काटा. ती आकडा सांगे, मी वहीत लिही. पाचव्या ठिकाणी नळी वर आली आणि तोंडाशी माती नव्हती. मी वजन ऐकायला पेन्सिल टेकवून तयार होतो. तिने नळी झटकून आतले बर्फ पाडले.

“आर्विला, आज राहू दे. कोण विचारणार आहे?”

“मी.”

तिने नळी हातभर अंतरावर पुन्हा घातली. या वेळी माती आली, काळी, ओली, मसूरडाळीच्या दाण्याएवढी. सरासरी निघाली : खोली एकशे नऊ इंच, पाणी एकेचाळीस पूर्णांक दोन. मग तिने वही माझ्याकडून घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले : ‘नवी गाडी तेराव्या मैलावर बंद. शेवटचे चार मैल पायी. हा पट्टा या वाटेला अयोग्य.’ एकही शब्द चढा नव्हता. इतक्या कष्टानंतर मी असतो तर पान फाटेपर्यंत लिहिले असते.

परतताना बकरीला उकरून काढले आणि तिच्यावरच दोघे रात्री उशिरा घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी लॅमॉन्टने नवी गाडी घसरगाडीवर चढवून आणली, आणि एक एप्रिलला आम्ही वही घेऊन थेरॉनच्या कचेरीत गेलो. आमच्या सह्या व्हायच्या होत्या. त्या पाच तारखेच्या आत झाल्या नाहीत तर आकडा धरला जात नाही.

थेरॉनने पान वाचले. “एकेचाळीस पूर्णांक दोन. छान. खालचे लोक खूश होतील.” मग त्याची नजर रकान्यावर गेली. त्याने पेन काढले आणि शेऱ्यावरून एक सरळ रेघ ओढली. इतक्या सहजपणे, की ओढून झाल्यावरच मला ते कळले.

“हे काय?” मी विचारले.

“शेऱ्याचा रकाना हवामानासाठी असतो. वारा, हिमवर्षाव, असं. यंत्राबद्दलची तक्रार वेगळ्या अर्जानं करायची.”

“वेगळा अर्ज अकरा पानांचा होता. त्याच्यावर तू कप ठेवलास.”

“हे बघा, गाडी वापरणाऱ्याच्या हातूनही बिघडते. माळावर हळू चालवायला—”

“तिच्या हातून? तिच्या? चोवीस वर्षं तिनं ते बकरीचं धूड चालवलंय—”

“तुम्ही आवाज चढवू नका.”

“मी सही करणार नाही,” मी म्हणालो. “रेघेसकट नाही करणार.”

थेरॉनने खांदे उडवले. “मग दोन सह्या नाहीत. दोन सह्या नाहीत म्हणजे आकडा नाही. आणि आकडा नाही म्हणजे केटल नाही. मी नाही, तुम्ही बंद करताय ते.”

बहात्तर मैलांच्या या खोऱ्यात सगळ्यांना उन्हाळ्यात पाणी पाहिजे, आणि ते मोजून आणणाऱ्या बाईने खरे सांगितले तर ते चालत नाही! मी काहीतरी बोलणार होतो, ते छापण्याजोगे नव्हते. आर्विलाने माझ्या दंडावर हात ठेवला आणि वही आपल्याकडे ओढून घेतली.

मोजणीच्या वहीचा एक जुना नियम आहे. खोडरबर चालत नाही. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि ज्याने रेघ मारली त्याने तिच्या टोकाशी आपली आद्याक्षरे आणि तारीख घालायची. हा नियम थेरॉनच्या जन्माआधीचा आहे. त्याने रेघ नियमाप्रमाणे एकच मारली होती. पुढचे विसरला होता, किंवा टाळले होते.

“थेरॉन,” आर्विला म्हणाली, “रेघ मारलीस. आता तिच्या टोकाला तुझी अक्षरं घाल. आणि तारीख.”

“त्याची काय गरज आहे?”

“तूच म्हणालास ना, नियम. अक्षरं नसली तर रेघ धरत नाहीत. मग शेरा उभा राहतो.”

त्याने पेनाला टोपण लावले आणि पुन्हा काढले. मला खात्री होती की तो रेघ मागे घेईल. स्वतःचे नाव घालून कोणता माणूस असली गोष्ट करील? थेरॉनने केली. थे. प., एक एप्रिल. अक्षरे सुबक आली होती.

आर्विलाने वही माझ्यापुढे सरकवली. “सही कर.”

“आर्विला, हे खोटं आहे.”

“आकडा खोटा आहे?”

“नाही.”

“पाचव्या ठिकाणी माती आली होती?”

“आली होती.”

“मग तुझी सही त्याला आहे. रेघेला त्याची आहे.” तिने पेन माझ्या हातात दिले. “केटल जाऊ द्यायचं नाही मला. माझा शेरा गेला तर गेला.”

मी सही केली. तिनेही केली. केटल यादीत राहिले. आणि उन्हाळ्यात मंडळाच्या वार्षिक अहवालात सातव्या पानावरचे ते वाक्य, ते छायाचित्र, आणि त्याखाली, मी आतापर्यंत सांगायचे टाळले ते : ‘या यशाच्या पार्श्वभूमीवर मंडळ त्याच बनावटीचे, त्याच लांबीचे दुसरे यंत्र घेत आहे.’ दुसरे म्हणजे माझ्यासाठी. बकरीच्या जागी.

अहवाल हातात घेऊन मी तसाच आर्विलाच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरात, टेबलावर कागद पसरून बसली होती. मी ते वाक्य मोठ्याने वाचले. मला वाटले आता तरी ती चिडेल. तिने चष्मा कपाळावर चढवला.

“दोन्ही?” ती म्हणाली. “म्हणजे आता दोघंही तेराव्या मैलावर.”

“तुला राग कसा येत नाही?”

“येतो की. बस.”

तिच्यापुढे त्या अकरा पानांची प्रत होती, आणि बारावे, नवे पान. त्यावर रकाने आखलेले होते, पूर्वीच्या तिन्ही गाड्यांसारखेच. वर लिहिले होते, ‘एकशे चौऱ्याहत्तर इंची, तीन इंच दाते, तारा नाहीत.’ खाली फेऱ्या : जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. चिठ्ठ्यांच्या पाठीवरची तापमाने ओळीने उतरवलेली. लाल दिवा : चौथा, सहावा, आठवा मैल. गळालेले दाते : एकोणीस, एक नमुना सोबत. द्रोणात रुतली : जानेवारी शून्य, फेब्रुवारी शून्य. त्यापुढे मार्चच्या चौकटीत तिने लिहिले होते, ‘द्रोणात पोहोचली नाही, मोजता आले नाही.’ रबराचा तो काळा तुकडा पानाच्या कोपऱ्याला टाचून लावलेला होता.

“फेऱ्या तीनच झाल्या,” ती म्हणाली, “चौथी राहिली. तसं लिहिलंय बघ खाली. पण दोघांनी पाहिलंय, तर दोन सह्या हव्यात.”

मी पान शेवटपर्यंत वाचले. मग सही केली.